हिशेब आपला, चावी परक्याच्या हाती

चंद्रपूरहून सुमारे तीस किलोमीटरवर, इरई धरणाच्या पाण्याला लागून मोहर्ली हे गाव आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात शिरण्याचा हा मोठ्या वर्दळीचा दरवाजा. येथील पुष्कळ घरांची चूल आज पर्यटकांवर पेटते. जिप्सीवाले आहेत, गाइड आहेत, घरातल्या दोन खोल्या भाड्याने देणारे आहेत. त्यांच्यामागे गॅरेजवाले, वेल्डर, गाडीच्या सीट शिवणारे, गाद्या भरणारे, बांबूच्या खुर्च्या करणारे, रिसॉर्टला किराणा आणि मटण-चिकन पोचवणारे असे कितीतरी हात आहेत. गिऱ्हाईक मुंबई, पुणे, हैदराबादेत बसलेले असते आणि पैसा फोनवरून येतो. रोख नोटांचा व्यवहार पाहता पाहता कमी झाला.

याच ताडोब्यात २०२३ साली एक प्रकरण उघडकीस आले. सफारीचे ऑनलाइन बुकिंग करण्याचे काम व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाने चंद्रपूरच्या एका खाजगी कंपनीला दिले होते. पर्यटकाने भरलेला पैसा कंपनीकडे जमा व्हायचा आणि कंपनीने आपले कमिशन ठेवून उरलेली रक्कम प्रतिष्ठानाला द्यायची, अशी पद्धत होती. हिशेब तपासला तेव्हा सुमारे २२ कोटी ८० लाख रुपये येणे निघाले. त्यांपैकी सुमारे १० कोटी ६५ लाख भरलेले होते आणि बाकीचे १२ कोटी १५ लाख आलेच नव्हते, अशी तक्रार झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रपूरच्या रामनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने याच प्रकरणी छापे घातले. हे आरोप आहेत आणि त्यांचा निकाल देण्याचे काम न्यायालयाचे आहे. त्यात आपण पडू नये.

परंतु व्यापाऱ्याने यातून घ्यायचा धडा निकालासाठी अडून राहत नाही. ज्या संस्थेकडे मोठे अधिकारी आहेत, लेखापरीक्षक आहेत, शासनाचा शिक्का आहे, तिचेही कोट्यवधी रुपये दुसऱ्याच्या हातून जाताना वेळीच मोजले गेले नाहीत. मग ज्याचा सारा हिशेब खिशातल्या चिठ्ठीवर आणि करसल्लागाराच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, त्या आपल्या कारागीर भावाचे काय? आमचे म्हणणे एवढेच आहे की कराचे नियोजन आणि फसवणुकीपासून बचाव ही दोन कामे वेगळी नाहीत. रोजचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहिणे हा दोहोंचा पाया आहे. हिशेबाची चावी परक्याच्या हाती गेली की कर तरी जास्त जातो, नाहीतर मुद्दल तरी जाते.

कागदाची भीती

आपल्या लोकांत कागदाची एक जुनी भीती आहे. रिटर्न भरले की सरकारच्या नजरेत येऊ, मग नोटीस येईल, मग साहेब येतील, त्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे वडीलधारी सांगत आले. पूर्वी रोखीच्या धंद्यात हे कदाचित चालून गेले असेल. आता चालणार नाही. फोनवर आलेला प्रत्येक रुपया बँकेच्या वहीत उमटतो. आपण लिहिले नाही तरी दुसरीकडे ते लिहिलेलेच असते.

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत काय झाले ते आठवा. कर्नाटकच्या विक्रीकर खात्याने यूपीआयवरील जमा रकमा पाहून हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले, दूधवाले, सारेच हादरले. अनेकांनी दुकानावर “यूपीआय नाही, फक्त रोख” अशा पाट्या लावल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना व्यापाऱ्यांशी बोलणी करावी लागली आणि खाते मागे हटले. पण मधल्या दिवसांत झोप कोणाची उडाली? ज्याच्याकडे वही नव्हती त्याची. नुसते ताजे दूध-भाजी विकणाऱ्याला जीएसटी लागतच नाही, हा कायदा आहे. पण आपण दूध-भाजीच विकली हे दाखवायला खरेदीच्या पावत्या तर हव्यात! खात्यावर जमा झालेली रक्कम म्हणजे सारी विक्री नसते. त्यात भावाने पाठवलेले पैसे असतात, उसने घेतलेले असतात, लग्नाचा आहेरही असतो. ते वेगळे करून दाखवणारा कागद आपणच ठेवायचा असतो.

खरे लिहिण्याला खर्च किती?

आता भीती बाजूला ठेवून आकडे पाहू. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला, सवलत धरून, आयकर शून्य लागतो. जमीन विकून झालेला नफा किंवा शेअरवरील नफा यांचे नियम वेगळे आहेत, पण धंद्याच्या कमाईला ही सवलत मिळते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. कलमांचे क्रमांक त्यात बदलले, तरी लहान व्यापाऱ्यांची अंदाजित नफ्याची योजना कायम ठेवण्यात आली. जुन्या कायद्यात तिला ४४ एडी म्हणत.

या योजनेत वर्षाची विक्री २ कोटींपर्यंत असेल तर मोठ्या खातेवह्या आणि ऑडिट यांची सक्ती नसते. रोखीची जमा एकूण जमेच्या शेकडा ५ पेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ३ कोटी आहे. रोख आलेल्या विक्रीवर किमान शेकडा ८ आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान शेकडा ६ एवढा नफा धरायचा. दलाली आणि कमिशनच्या धंद्याला ही योजना नाही, एवढे लक्षात ठेवावे.

समजा, मोहर्ली रस्त्यावर एका भाईचे वेल्डिंगचे दुकान आहे. वर्षाची विक्री १८ लाख. त्यातले १२ लाख बँकेतून आले आणि ६ लाख रोख. १२ लाखांवर शेकडा ६ म्हणजे ७२ हजार. ६ लाखांवर शेकडा ८ म्हणजे ४८ हजार. मिळून नफा १ लाख २० हजार धरला जातो. येथे अनेक एजंट थांबतात आणि हा किमान आकडा टाकून मोकळे होतात. पण कायदा म्हणतो की याहून जास्त कमावले असेल तर जास्त दाखवा. या भाईने खरोखर साडेपाच लाख कमावले असतील तर साडेपाच लाखच लिहावेत. कर तरीही शून्यच! मग कमी लिहून मिळवले काय? उलट गमावले. उद्या गॅस कटिंगचे नवे यंत्र घ्यायचे, दुकानाचा गाळा घ्यायचा, मुलाच्या शिक्षणासाठी कागद दाखवायचे, तर सारे हेच रिटर्न पाहतात. अल्लाह न करो, पण रस्त्यावर अपघात होऊन घरचा कर्ता गेला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यातही त्याची कमाई किती होती हे रिटर्नवरून पाहिले जाते. आयुष्यभर दीड लाख लिहिले असतील तर विधवेच्या वाट्याला दीड लाखाचाच हिशेब येतो.

आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या वाचकांतील बहुसंख्य कारागिरांना आज खरे लिहिण्यासाठी एक पैसाही कर द्यावा लागत नाही. पूर्वी कमी दाखवण्याला निदान लालचेचे कारण होते. आता तेही उरले नाही. राहिली ती केवळ सवय. मात्र कर शून्य म्हणजे रिटर्नही नको, असे समजू नये. नव्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावेच लागते.

रोखीचे काही नियमही तोंडपाठ हवेत. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख वा अधिक रोख घेऊ नयेत. २० हजार वा त्याहून अधिक रकमेचे उसने रोखीने घेऊ नये. नियमित खातेवही ठेवणाऱ्याने धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एकाला १० हजारांहून जास्त रोख दिले, तर तो खर्च धरला जात नाही. मित्राकडून हातउसने ५० हजार घेणे आपल्याकडे रोजचे आहे. घ्या, पण बँकेतून घ्या आणि दोन ओळी लिहून ठेवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही ताकीद तर सूरह बकरातच आहे. आयकर खाते ते आज सांगत असेल, आपल्याला ते चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे.

जीएसटीचा क्रमांक वाचायला शिका

महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. हॉटेल, खोल्यांचे भाडे, गाडीची दुरुस्ती ही कामे सेवेत मोडतात, हे अनेकांना ठाऊक नसते. आदिलाबाद, हैदराबादेकडे म्हणजे परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, आधी विचारून घ्यावे. नोंदणी घेतल्यावर दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशन योजना आहे. त्यात मालाच्या व्यापाऱ्याला शेकडा १ आणि खानावळीला शेकडा ५ कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. असा दुकानदार गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. घेत असेल तर ती फसवणूक आहे.

जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कोणाच्या नावाचा आहे, चालू आहे की रद्द झाला आहे, ते फुकट दिसते. नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याने बिल दिले, आपण त्यावर जीएसटी भरला, आणि त्याने तो सरकारात भरलाच नाही, तर आपली वजावट अडकते. कर एकदा त्याला दिला आणि दुसऱ्यांदा सरकारला द्यायची वेळ येते. म्हणून नव्या व्यापाऱ्याकडून पहिली खरेदी करण्याआधी दोन मिनिटे खर्च करा आणि क्रमांक तपासा.

एक नियम आपल्या कारागिरांच्या बाजूचा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लहान उत्पादकाचा किंवा सेवा देणाऱ्याचा पैसा खरेदीदाराने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा असतो. एरव्ही बिल आले त्या वर्षीच खर्च धरणाऱ्या खरेदीदाराला उशीर केल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. म्हणजे रिसॉर्टने बांबूच्या पन्नास खुर्च्या घेतल्या आणि “पुढच्या सीझनला देऊ” म्हटले, तर नुकसान रिसॉर्टचेही आहे. उशिराच्या व्याजाला आपल्यातले पुष्कळ जण हात लावणार नाहीत, पण मुद्दल वेळेवर मागण्याचे बळ तर या नियमाने मिळते! नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या.

आपल्या नावावर दुसऱ्याचा धंदा

सर्वांत मोठा धोका आता सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावात काही गरीब तरुणांच्या लक्षात आले की त्यांच्या नावाने एका सहकारी बँकेत खाती उघडली गेली आहेत आणि त्यांत कोट्यवधींची उलाढाल झाली आहे. नोकरीच्या आशेने त्यांनी आधार आणि पॅन दिले होते. एकूण रक्कम शंभर कोटींच्या पुढे गेल्याचे तपासात समोर आले आणि प्रकरण सक्तवसुली संचालनालयापर्यंत पोचले. या तरुणांच्या हाती काय आले? पोलिसांचे बोलावणे. निवडणुकीच्या गदारोळात त्या शहराचे नाव निघाले ते वेगळेच.

असेच प्रकार जीएसटीच्या क्रमांकात होतात. मजुराच्या, रिक्षावाल्याच्या कागदांवर कंपनी उभी राहते, खोटी बिले फाडली जातात, आणि दोन वर्षांनी लाखोंची नोटीस झोपडीच्या पत्त्यावर येते. आधारची झेरॉक्स द्यायची असेल तर तिच्यावर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहून द्या. आपले बँक खाते, एटीएम कार्ड किंवा सिम कार्ड “महिन्याला पाच हजार देतो” म्हणून कोणी मागितले तर तो दोस्त असो वा मेहुणा, नाही म्हणा. अशा खात्यावर चोरीचा पैसा फिरतो आणि गुन्ह्यात नाव खातेदाराचे लागते.

रिटर्न भरून देणाऱ्या एजंटाबाबतही सावध असावे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणाऱ्या टोळ्या त्यात सापडल्या. हे लोक गिऱ्हाइकाच्या नावाने तात्पुरते ईमेल काढतात, त्यावर ढिगाने रिटर्न भरतात आणि मग तो ईमेल सोडून देतात. खात्याची नोटीस त्या बेवारस पत्त्यावर पडून राहते आणि गिऱ्हाइकाला पत्ताच नसतो. खोट्या देणगीच्या पावत्याही याच धंद्यातल्या. “लाखाची पावती घ्या, दहा टक्के कापून नव्वद हजार रोख परत” असे सांगणारे सदका आणि खैरातीच्या नावाला काळिमा फासतात. आपली जकात ही आपल्यावरची अमानत आहे. तिची पावती करासाठी विकत घेऊ नये, विकू तर नयेच नये.

आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले चाचा आहेत. जीएसटी कोण भरतो विचारले तर म्हणाले, “वो लडका भरता है.” पासवर्ड त्या मुलाकडे, मोबाइल क्रमांक त्या मुलाचा, ईमेलही त्याचाच. चाचा दर महिन्याला रोख देत आणि पावती मागत नसत. मुलगा गाव सोडून गेल्यावर समजले की सात महिने काहीच भरलेले नव्हते. दंड चाचांनीच भरला. त्यांनी कोणालाही फसवले नव्हते. फक्त आपली चावी दुसऱ्याला देऊन टाकली होती.

‘हलाल नफ्या’चे आमिष

व्याजापासून दूर राहणारा माणूस बचतीसाठी मार्ग शोधतो, आणि नेमके हेच हेरून ठग येतात. बंगळुरूच्या आयएमए या कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांचा पैसा गोळा केला आणि जून २०१९ मध्ये तिचा मालक परदेशी निघून गेला. विधवांचे दागिने, मुलींच्या लग्नाचे पैसे, निवृत्तांची पुंजी, सारे अडकले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानाने आठवड्याला परतावा देण्याचे सांगून लोकांना बुडवले. त्यात सर्व धर्मांचे लोक होते. ठगाला धर्म नसतो, पण गिऱ्हाइकाचा धर्म त्याला बरोबर ठाऊक असतो!

कसोटी सोपी आहे. खऱ्या भागीदारीत नफा कमी-जास्त होतो आणि तोटाही वाटून घ्यावा लागतो. जो माणूस दर महिन्याला ठरावीक नफ्याची हमी देतो, तो हलाल शब्द उच्चारत असला तरी व्यवहार हलाल नाही आणि खराही नाही. दाढी, टोपी, मोठ्या माणसाबरोबरचा फोटो, मशिदीला दिलेली देणगी, यांतले काहीही ताळेबंदाच्या जागी चालत नाही.

फोनवरचे ठग तर रोज नवे सोंग घेतात. लष्करातून बोलतो, शंभर खुर्च्यांची ऑर्डर आहे, आगाऊ रक्कम घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा, असे सांगतात. ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. आयकर खात्याच्या नावाने पत्र आले तर त्यावर दस्तऐवजाचा ओळख क्रमांक आहे का ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो बंधनकारक आहे आणि खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याचा अधिकार या देशात कोणालाच नाही. फसलोच तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबण्याची आशा जास्त.

वही उघडा

शेवटी काम काय करायचे? फार नाही. धंद्याचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे करा. रोज रात्री दुकान बंद करताना एका वहीत तीन रकाने लिहा: आज आले किती, गेले किती, उधारी कोणाकडे राहिली. आठवड्याला ती वही बँकेच्या खात्याशी ताडून पाहा. आयकर, जीएसटी आणि बँक या तिन्हींवर मोबाइल क्रमांक आपला किंवा घरातल्या मुला-मुलीचा ठेवा. हिशेब करसल्लागाराकडून जरूर करून घ्या, त्याची फीही आनंदाने द्या, पण भरल्याची पावती दर वेळी हाती घ्या. रमजानमध्ये जकातीसाठी आपण मालाची मोजदाद करतोच. तशीच एक ३१ मार्चला करा.

ताडोब्याचा मुख्य भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, पर्यटकांसाठी बंद असतो. मोहर्लीच्या भावांना तेव्हा थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत गाड्यांचे इंजिन उघडून साफ केले जाते. आमची विनंती आहे की त्याच वेळी वहीही उघडावी, जुन्या पावत्या लावाव्यात आणि पासवर्ड कोणाकडे आहेत ते पाहावे. घरात दहावी-बारावी झालेली मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्या. ती आठ दिवसांत शिकेल, आणि घरातला पैसा कोठून येतो व कोठे जातो हे प्रथमच घरातल्या माणसाला माहीत होईल.